तालुक्याचा गेम झोन: पोट्ट्यायले पाठवावं का नाई?

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रिचार्जवाल्याच्या बाजूले जो गेम झोन चालू झाला नं, त्याच्याबद्दल गावात लय बोलून राहिले लोकं, पोट्टे बिघडून राहिले म्हणते, शाळा बुडवून तिथंच बसते म्हणते. मी भाच्याले आन भाचीले घेऊन जातो तिथं, बाजूले बसून पाहतो सगळं, म्हणून सविस्तर लिहितो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या बाकी तालुक्यातही अशी दुकानं निघून राहिली आता, तं ज्यांच्या घरी लहान लेकरं आहेत त्यांनी नक्की वाचा.

दुकान म्हणजे एक लांबुळकी खोली, चार टीव्ही, तिघांवर पीएस फोर आन एकावर पीएस फाईव्ह, म्हणजे टीव्हीले जोडून गेम खेळायची मशीन, फाईव्ह त्यातली नवीन. चपला बाहेर काढा लागते. उन्हाळ्यात कूलर लावते पण मागच्या खुर्चीपर्यंत हवा येत नाई. इन्व्हर्टर आहे, लाईन गेली तरी चालू डाव बुडत नाई, हे चांगलं केलं. रेट तासाले 40 रुपये, पीएस फाईव्हले 60. पीएस फाईव्ह 2021 मध्ये भारतात आला तेव्हाच 49,990 रुपयाचा होता, आता सोयाबीन आन कापसाच्या भावात कोण शेतकरी आपल्या पोराले तो घेऊन देणार, म्हणून 40-60 रुपयात खेळायले भेटते हे मले रास्तच वाटते. रिमोट मात्र जुने झाले. डाव्या अंगठ्याखालचं रबर पार घासून गेलं, हात न लावता प्लेअर आपोआप एकीकडं चालत राहते, आन ज्याच्या वाट्याले तो रिमोट आला त्याची भांडणं. ते मालकानं बदलवायलेच पायजे.

आता मुद्द्याचं. या दुकानातली सगळ्यात चांगली वस्तू कोणती म्हणाल तं काउंटरवरची वही. पोरगं आलं की मालक नाव लिहिते, बसायची वेळ लिहिते, आन तास भरला की खुर्चीवर दोन टिचक्या मारते, "चाल बेटा, उठ." एवढंच. खेळ तिथं संपते आन पोरगं घरी जाते. घरच्या मोबाईलवर हे टिचक्या मारणारं कोणी नाई राजे हो. ते बंदुकीचे गेम पाहा, एक डाव संपला की लगेच दुसऱ्याचं बटण, रोज उघडलं तं बक्षीस, गेममधले डायमंड घ्या, प्लेअरले नवीन ड्रेस घ्या, त्याले शेवटच नाई, कारण पोट्टं जितकं जास्त वेळ बसलं तितका कंपनीचा धंदा. सरकारनं 2020 च्या सप्टेंबरमध्ये पबजी बंद केला, 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायर बंद केला, पण त्याचंच दुसरं रूप, फ्री फायर मॅक्स, तं चालूच राहिलं आन पोट्टे त्याच्यावर गेले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, गेम चांगला का वाईट हे विचारण्याआधी पोरगं कुठं बसून खेळते, कोणासोबत खेळते आन त्याले उठवते कोण, हे विचारा. गोधडीत तोंड खुपसून रात्री बारा वाजता एकट्यानं खेळणं आन चार जणांत बसून तासभर फुटबॉलचा गेम खेळणं, दोन्हीले एकाच तराजूत टाकू नका.

फुटबॉलवरून सांगतो. भाचा आन एक अनोळखी पोरगा एकाच टीममध्ये बसले होते. आमचं साहेब पासच देईना, बॉल घेऊन एकटंच पळे आन दरवेळी हिसकून घेई समोरचा. तो पोरगा चिडला नाई, म्हणे, "अरे मी इकडं मोकळा उभा आहो नं, मले दे की." मग दिला एक पास, गोल झाला, आन दोघं असे ओरडले की बाहेरचा चहावाला डोकावून गेला. घरी अबोल राहणारं पोरगं आहे हे. पोट्टे गेमनं हुशार होते असं मी म्हणणार नाई, पण हे मी डोळ्यानं पाहिलं.

आता तक्रारी, आन त्या लहान नाईत.

एक तं जीटीए, म्हणजे गाड्या चोरायचा आन मारामारीचा गेम. त्याच्या डब्ब्यावर लाल चौकोनात 18 लिहून राहते, ते काई शोभेसाठी नाई. तिथं पाचवी-सहावीतलं पोट्टं बसवून ठेवते मालक, रस्त्यावरच्या माणसाले गाडीखाली घेऊन राहिलं ते आन बाजूचे हासून राहिले. मी बोललो तं म्हणे, "दादा, तेच मागते लेकरं." मागते म्हणून द्यायचं काय? वहीत वेळ लिहिता तसं वय लिहा नं.

दुसरं, हारेल त्यानं दोघाचे पैसे भरायचे ही जी रीत पडली ती मले बिलकुल पसंत नाई. ऐकायले साधी वाटते, पण दहा-बारा वर्षाच्या लेकराले ही पैजच झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, किती घरं बसली त्या नादात, आन आपण इथं 40 रुपयापासून सवय लावून राहिलो. ज्यानं त्यानं आपापले द्यावे.

पालकांसाठी एक. पोरगं तिथं गेलं की लगेच व्यसन लागलं म्हणून मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी 2022 च्या जानेवारीपासून लागू झाली, पण त्यात साफ म्हटलं आहे का खेळण्यावर ताबा राहत नाई, बाकी सगळ्यापेक्षा गेमच मोठा होते, नुकसान दिसते तरी सुटत नाई, आन हे साधारण वर्षभर चालते, तेव्हा त्याले आजार म्हणा. सुट्टीतला एक तास त्यात बसत नाई. पण झोप, जेवण, शाळा, मित्र तुटून राहिले तं वर्षभर वाटही पाहू नका, डॉक्टरले दाखवा.

आन पोरींचं काय? चारही टीव्हीसमोर पोट्टेच. भाचीले घेऊन गेलो तं सगळे मान वळवून पाहे, तिनं क्रिकेटमध्ये दोघांले हरवलं तेव्हा कुठं गुमान झाले. शाळा सुटल्यावर मानव विकासच्या, म्हणजे शाळेतल्या पोरींसाठीच्या सरकारी बसची वाट पाहत पोरी स्टँडवर तशाच उभ्या राहतात, त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दुपार ठेवा, दाराचा पडदा काढून टाका म्हणजे आतलं रस्त्यावरून दिसेल, आया बिनधास्त पाठवतील. मालकाले सांगितलं, "पाहतो" म्हणे.

पाचपैकी साडेतीन स्टार. जीटीए लहान्यांसाठी बंद केला तं साडेचार देईन. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दी राहते आन चांगला रिमोट भेटत नाई. सकाळी अकराच्या आत गेलं तं पीएस फाईव्ह रिकामा असते.