यकृतविकाराच्या डॉक्टरांनी आहार कुठे शिकावा: ऑनलाइन की वॉर्डात?

ठाण्यात पोटविकारांची प्रॅक्टिस करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना अभ्यासाला वेळ मिळतो तो रात्रीच. त्यामुळे एस्पेन या वैद्यकीय पोषणावर काम करणाऱ्या युरोपीय संस्थेचे ऑनलाइन धडे सोयीचे. आकडे पक्के होतात: सिरॉसिसच्या (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होण्याच्या आजाराच्या) लठ्ठ नसलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३० ते ३५ किलोकॅलरी, १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने. आजाराचा मेंदूवर परिणाम झाला तरी प्रथिने तोडायची नाहीत, हेही तिथे ठसतं.

दुसरा मार्ग वॉर्डात आहारतज्ज्ञासोबत फिरण्याचा. वेळखाऊ, आणि प्रमाणपत्रही नाही. पण पोटात पाणी झालेल्या माणसाचं वजन फसवं असतं. त्यामुळे पोषण जोखायला दंडाचा घेर, मुठीची ताकद मोजावी लागते, आणि तो सराव इथेच होतो. शिवाय कळव्याच्या आजी ‘कावीळ झालीय, म्हणून डाळ बंद केली’ म्हणतात, तेव्हा स्लाइड कामाला येत नाही. रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायू मोडून साखर बनवतं, म्हणून झोपताना दूध-भाकरी खा, हे त्यांना पटेल असं सांगायला मी आमच्या आहारतज्ज्ञ ताईंकडूनच शिकले.

एकच निवडायचं तर मी वॉर्डच निवडेन. नव्या डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) विद्यार्थ्यांनी मात्र आधी धडे संपवावेत, नाहीतर राउंडला काय विचारायचं तेच सुचत नाही.