कोडॅक एक्टार एच३५: एका रोलमध्ये ७२ फोटो

हा फिल्म कॅमेरा हाफ-फ्रेम, म्हणजे एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो काढणारा, असल्यामुळे ३६ च्या रोलवर साधारण ७२ फोटो निघतात. फिल्मच्या आजच्या भावात हा हिशेब मोठाच. बाकी सगळा प्लॅस्टिकचा कारभार: २२ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ/९.५, शटर १/१०० सेकंद, फोकस ठरलेला. बदलता येते ती फक्त फिल्म, म्हणून ती विचार करून निवडा.

कडक उन्हात आयएसओ (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) २०० वर अडीच स्टॉप जास्त प्रकाश पडतो; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. कलर निगेटिव्ह तो पचवते, स्लाइड फिल्म नाही. सह्याद्रीत पावसाळी ढग असतील तर ४००, दाट झाडीत ८०० सुद्धा कमीच. फ्लॅश लेन्सभोवतीची रिंग फिरवून सुरू होतो. ती तशीच राहिली की एएए सेल उतरलाच म्हणून समजा.

रोल कॅमेऱ्यात घातल्यावर वाइंड करताना रिवाइंडची मूठही फिरते का बघा. फिरत नसेल तर फिल्म दातात अडकलेली नाही आणि अख्खा रोल कोराच राहील. कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो. निसर्गदृश्यासाठी उभा धरा. लॅबला ‘हाफ-फ्रेम’ आधीच सांगा, नाहीतर स्कॅनमध्ये दोन-दोन फोटो जोडून मिळतात. तेही कधीकधी झकास दिसतात! धबधब्याचं रेशमी पाणी हवं असेल तर ट्रायपॉड आणि बल्बची (शटर हवा तितका वेळ उघडं ठेवायची) सोय असलेला एच३५एन घ्या.