टक् वाजतो, पण तोडत काहीच नाही: फिशटँक लाइटसोबत विकला जाणारा रिले

फिशटँकसाठी डिम होणारा एलईडी लाइट घेताना त्याच्याबरोबर ‘रात्री पूर्ण बंद करणारा रिले बॉक्स’ कोणी गळ्यात मारत असेल, तर आधी हे वाचा आणि मग पैसे द्या. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच: आतल्या कॉइलला करंट मिळाला की धातूचे कॉन्टॅक्ट हलतात आणि सर्किट जुळतं किंवा तुटतं. मला मिळालेल्या बॉक्समध्ये रिले होता. ठरल्या वेळी तो टक् वाजायचासुद्धा. फक्त त्याच्या कॉन्टॅक्टना एकही वायर जोडलेली नव्हती.

मुळात हा रिले लागतो कशाला, ते आधी सांगतो. फसवणूक तिथेच दडून बसलेली आहे. टाकीवरचे बरेच मोठे लाइट 0 ते 10 व्होल्टच्या सिग्नलवर डिम होतात. नाव 0 ते 10 असलं तरी अनेक ड्रायव्हर (मेनची वीज एलईडीला हव्या तशा करंटमध्ये बदलणारं सर्किट) साधारण 10 टक्क्यांच्या खाली उतरतच नाहीत. 1 ते 10 व्होल्टच्या पद्धतीत तर 1 व्होल्ट म्हणजे ‘सगळ्यात मंद’. ‘बंद’ नव्हे. बंद करायचं तर ड्रायव्हरचा मेन सप्लायच वेगळ्या स्विचने तोडावा लागतो. हा दोष नाही, ड्रायव्हरची रचनाच तशी आहे. पण टाकीवर 80-90 वॅटचा लाइट असेल, तर त्याचा दहावा हिस्सा रात्रभर जळणं म्हणजे माशांना रात्रच न मिळणं. बहुतेक माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय नाही. शेवाळाची मात्र चंगळ. म्हणून कंट्रोलरने उजेड हळूहळू किमान पातळीवर आणायचा आणि मग रिलेने ड्रायव्हरची फेज तोडायची, हा सरळ मार्ग.

विक्रेत्याच्या जाहिरातीत नेमकं हेच लिहिलं होतं. व्हिडिओत उजेड कमी होत जातो, टक् आवाज येतो आणि दृश्य संपतं. आता लक्षात येतं की टक् झाल्यानंतरचा अंधार त्या व्हिडिओत कुठेच दाखवलेला नाही.

माझ्याकडे बॉक्स लावल्यावर टक् आवाज आला आणि लाइट मंदच राहिला. खोलीतले दिवे घालवले तर टाकीतला एकेक मासा ओळखता येत होता. तक्रार केली. उत्तर तयारच होतं: “सर, रिले टक् वाजतोय ना? मग रिले ओके आहे. उरलेला उजेड लीकेजचा. सगळ्या एलईडीमध्ये असतो.”

या उत्तराला दाद द्यावी लागेल, कारण ते अर्धं खरं आहे. बंद केलेल्या एलईडीला थोडा करंट मिळत राहणं ही खरी गोष्ट आहे. सॉलिड स्टेट रिले (हलणाऱ्या कॉन्टॅक्टऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असलेला) वापरला, तर त्याच्या आतल्या संरक्षक सर्किटमधून बंद अवस्थेतही काही मिलिअँपिअर झिरपतात. फेजऐवजी न्यूट्रल तोडला असेल आणि लाइटची धातूची बॉडी अर्थिंगला जोडलेली असेल, तरी पट्टी अंधुक चमकू शकते. इंटरनेटवर शोधलं की हीच कारणं सापडतात आणि माणूस गप्प बसतो.

पण लीकेजला स्वतःची लक्षणं असतात. 230 व्होल्टवर 5 मिलिअँपिअर झिरपले, तर गुणाकार 1.15 व्होल्ट-अँपिअर येतो, म्हणजे फार तर वॅटभर, आणि त्यातलाही बराचसा भाग प्रत्यक्ष काम न करणारा. एवढ्यात लाइट स्थिर, छान मंद जळत राहणार नाही. होतं असं की ड्रायव्हरच्या आतला वीज साठवणारा कपॅसिटर हळूहळू भरतो, ड्रायव्हर क्षणभर जागा होतो, लाइट लुकलुकतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि पुन्हा तेच. नाहीतर जेमतेम दिसेल अशी धुगधुगी. माझा लाइट शांतपणे, एकसारखा जळत होता. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचं वॅटमीटर जोडलं, तर ‘बंद’ अवस्थेत 9 वॅटच्या आसपास आकडा. लीकेजमधून 9 वॅट येत नाहीत. 9 वॅट येतात ते डिम होऊन चालू असलेल्या ड्रायव्हरमधून.

प्लग काढून, कपॅसिटर उतरायला वेळ देऊन बॉक्स उघडला. (मेन सप्लायचं काम येत नसेल तर हे करू नका, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मीटरचा पुरावा तेवढ्यासाठी पुरतो.) आत निळा चौकोनी रिले, वर 10 अँपिअर 250 व्होल्ट छापलेलं. कॉइलच्या दोन पायांना सर्किट बोर्डावरच्या रेषा नीट जोडलेल्या. उरलेले तीन पाय नुसते सोल्डर करून ठेवलेले, तिथून पुढे कुठलीही रेषा निघत नव्हती. मेनची फेज आणि न्यूट्रल आत येऊन तशीच सरळ बाहेर गेलेली. म्हणजे रिलेला फक्त आवाज काढायला ठेवलं होतं.

एवढा रिले बसवलाच आहे तर दोन वायरी जोडायला काय जातं, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला वाटतं, हा आळस नसून हिशेब आहे. एलईडी ड्रायव्हर चालू होताना त्याचा रिकामा कपॅसिटर एकदम करंट ओढतो. साधारण 100 वॅटच्या ड्रायव्हरला 230 व्होल्टवर चालताना अर्धा अँपिअरही लागत नाही, पण त्याच्या डेटाशीटमध्ये सुरुवातीच्या धक्क्यासाठी 50 ते 70 अँपिअर असे आकडे सर्रास दिसतात. तो धक्का सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता असतो, पण स्वस्त रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना वितळून चिकटायला तेवढा पुरतो. रिलेवर छापलेले 10 अँपिअर हे हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात, असल्या धक्क्यासाठी नाहीत. चिकटलेला रिले पुढे कॉइल टक् टक् करो वा न करो, तोडत काहीच नाही, आणि ग्राहक माल परत पाठवतो. योग्य रिले, फ्यूज, मेनसाठी बोर्डावर रुंद रेषा आणि मेनची बाजू व कॉइलची बाजू यांच्यात पुरेसं अंतर, या सगळ्याला खर्च येतो. न जोडलेला रिले मात्र कधीच बिघडत नाही.

फोटो पाठवल्यावर ‘चुकून जुना लॉट गेला’ म्हणून बदली बॉक्स आला. हा ‘सायलेंट मॉडेल’, आवाजच नाही. आता लाइट रात्री दर थोड्या सेकंदांनी लुकलुकू लागला. आत रिले नव्हताच, ट्रायॅक (आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) होता आणि त्याला समांतर कपॅसिटर. आता खरोखर लीकेज होतं आणि विक्रेत्याचं आधीचं उत्तर एकदाचं खरं ठरलं! माशांच्या दृष्टीने हा प्रकार पहिल्याहून वाईट, कारण रात्रभर अंधारात वीज चमकल्यासारखं चाललं होतं.

यावर त्यांच्याकडून आलेला सल्ला तर मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण कोणीतरी तो पाळेल. “डिमिंगच्या दोन वायरींपैकी एक साध्या रिलेतून घ्या, मग पूर्ण बंद होईल.” होणार उलटं. 0-10 व्होल्टच्या बहुतेक ड्रायव्हरमध्ये डिमिंगची वायर तुटली, की लाइट 100 टक्क्यांवर जातो. मध्यरात्री टाकीवर भर दुपार. ड्रायव्हर आणि एलईडी यांच्या मधली डीसी वायर तोडायचा दुसरा ‘जुगाड’ही असाच घातक. स्थिर करंट देणाऱ्या ड्रायव्हरचं आउटपुट मोकळं सुटलं, की त्याचा व्होल्टेज वर चढतो, आणि पुन्हा जोडताना आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज एकदम एलईडीत घुसतो. शिवाय डीसीमध्ये ठिणगी विझायला जड जाते, कारण एसीसारखा करंट दर आवर्तनात शून्यावर येत नाही.

विकत घेण्याआधी मी आता एकच गोष्ट मागतो: लाइट ‘बंद’ असताना वॅटमीटरचा आकडा आणि अंधारी खोली, दोन्ही एकाच अखंड व्हिडिओत. साधी मीटरं 1 वॅटच्या खाली नीट मोजत नाहीत, म्हणून नुसता शून्य पुरत नाही, अंधारही दिसला पाहिजे. ज्याच्या बॉक्समध्ये खरा रिले आहे त्याला हा व्हिडिओ काढायला काहीच अडचण नसते. त्याशिवाय विचारा की रिले फेज तोडतो की न्यूट्रल. न्यूट्रल तोडणारा बॉक्स लाइट विझवतो, पण पाण्यावर टांगलेल्या लाइटच्या ड्रायव्हरपर्यंत फेज जिवंतच ठेवतो. आणि रिलेचा मॉडेल नंबर मागा. सुरुवातीचा धक्का सोसणारे रिले वेगळे मिळतात, त्यांच्या डेटाशीटमध्ये धक्क्याच्या करंटचा आकडा स्वतंत्र दिलेला असतो. ‘10 अँपिअर आहे सर, भरपूर झालं’ एवढंच उत्तर आलं, तर विक्रेत्याला विषय कळलेला नाही किंवा तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. बॉक्सवरच्या ‘सीई’ छापाने हुरळून जाऊ नका, तो छाप उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो आणि नकली मालावर तर कोणीही छापतो.

पैसे परत मागताना शेवटची मेख निघाली. बॉक्सच्या जोडावर ‘सील तुटल्यास वॉरंटी रद्द’ असा स्टिकर होता, आणि न जोडलेला रिले दिसतो तो सील तोडल्यावरच. माझा दावा टिकला तो आतल्या फोटोंमुळे नाही. सील शाबूत असताना मीटर आणि मंद जळणारा लाइट एकत्र दाखवणारा व्हिडिओ माझ्याकडे होता. पेमेंट ज्या मार्गाने केलं होतं तिथे तोच तक्रारीसोबत दिला. बॉक्सचे पैसे आले, पाठवणीचा खर्च आला नाही. लाइट मी ठेवला, तो स्वतः चांगला आहे. त्याच्या ड्रायव्हरआधी आता धक्का सोसणारा रिले इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलाय, पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब, बंद डब्यात, आणि मागे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे करंट गळू लागला की सप्लाय तोडणारा सुरक्षा स्विच) आहे.