नेव्हिगेटरची ‘आतून वायरिंग’ आणि विनाकारण बदललेली बॅटरी

गाडीत नेव्हिगेटर (रस्ता दाखवणारं यंत्र), डॅशकॅम, ट्रॅकर असलं काहीही ‘आतून वायर घेऊन’ बसवायचं ठरवलं असेल, तर आधी हे वाचा. माझ्याकडून या कामाचे २,४५० रुपये घेतले. त्या कामामुळे जो बिघाड झाला, त्याच्या नावावर ४,८०० रुपयांची नवी बॅटरी गळ्यात मारली आणि जुनी, धडधाकट बॅटरी ‘एक्स्चेंज’ म्हणून ठेवून घेतली. दुकान सोलापुरातलंच, गर्दीचं, चांगलं चालणारं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

मोबाइलच्या जमान्यात नेव्हिगेटर कशाला, हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा काचेला लावलेला मोबाइल तापून भर रस्त्यात बंद पडतो. आमचं अक्कलकोट, गाणगापूर, विजयपूर या बाजूला सारखं जाणं असतं आणि आडरस्त्याला लागलं की रेंज जाते. नेव्हिगेटरमध्ये नकाशा आतच भरलेला असतो, सिमकार्डाची भानगड नाही. मेहुण्यांनी त्यांच्याकडचा पडून असलेला दिला. त्रास एवढाच, की लायटरच्या सॉकेटमधून निघालेली त्याची वायर गिअरवर लोंबते आणि सॉकेटही अडकून राहतं. वायर डॅशबोर्डच्या आतून घेतली की दोन्ही प्रश्न मिटतात.

शेठनी काउंटरवर एक खोकं ठेवलं. खोक्यावरच्या फोटोत बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, फ्यूजच्या खाचेत बसून तिथून स्वतंत्र फ्यूजसकट नवी वायर काढून देणारा फ्यूज टॅप, नीट गुंडाळलेली वायर. “ओरिजिनल किट आहे मालक, वर्षभर बघायचं काम नाही.” किटचे १,८५०, मजुरी ६००. दुकानातल्या पोराने गाडी शेडमध्ये घेतली, मला समोर चहाला बसवलं, आणि मी परत आलो तोवर पॅनल बंद करून वरून फडकंसुद्धा मारलं होतं. काम दिसायला देखणं. वायरचं टोकही बाहेर दिसत नव्हतं.

दोन गोष्टी मात्र त्याच दिवशी लक्षात आल्या होत्या. आकाशवाणी सोलापूर लावलं की खरखर यायची, ती आधी येत नव्हती. आणि किल्ली काढल्यावरही नेव्हिगेटर चालूच राहायचा. पूर्वी सॉकेटवर असताना किल्ली काढली की तो स्क्रीनवर उलटे आकडे मोजून स्वतःच बंद व्हायचा. पोराला विचारलं तर म्हणाला, “थोड्या वेळाने बंद होतो सर, आतून वायर घेतली की सेटिंगच तशी होते.” खरखरीचं खापर त्याने रेडिओच्या अँटेनावर फोडलं.

पुढे लग्नासाठी आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. गाडी घरी, कव्हरखाली. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टक टक. दुकानाला फोन केला तर पोरगा लगेच केबल घेऊन आला, जंप देऊन गाडी दुकानात नेली. शेठनी बॅटरीला लोड टेस्टर लावला, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तिचा दम बघायचा मीटर. काटा सरळ लाल पट्ट्यात. “बॅटरी गेली मालक. सोलापूरचं ऊन आहे, बॅटऱ्या टिकतात कुठं?”

उन्हाने बॅटरीचं आयुष्य कमी होतं हे अगदी खरं आहे, म्हणून तर ते वाक्य पटकन पटतं. पण लोड टेस्टरचा निकाल बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच धरायचा असतो. उतरलेल्या बॅटरीला तो लावला तर नवी कोरी बॅटरीसुद्धा लाल पट्ट्यातच दाखवते. चार-सहा तास चार्जिंगला लावून बारा पूर्णांक सहा व्होल्टच्या आसपास येते का, आणि आली तर टिकते का, हे पाहिल्याशिवाय ‘गेली’ म्हणणारा एक तर अडाणी किंवा लबाड. रोज बॅटऱ्या विकणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. माझ्या बॅटरीची फुकट बदलून मिळण्याची मुदतसुद्धा संपली नव्हती. वॉरंटी कार्ड घरी होतं, बॅटरी मात्र त्यांच्या भंगारात जमा झाली.

नवी बॅटरीही गाडी काही दिवस उभी राहिल्यावर तशीच बसली. आता शेठ म्हणाले, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) चार्जिंग करत नाही, सात हजारांची तयारी ठेवा. इथे मात्र मी गाडी तिथून काढली आणि अशोक चौकाकडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

अण्णांनी इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला. चौदा पूर्णांक एक व्होल्ट. “अल्टरनेटरला काही झालं नाही.” मग गाडी बंद, किल्ली बाहेर, दारं लावलेली, थोडा वेळ थांबून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि मीटर मधे जोडून करंट मोजला. ०.३५ अँपिअर. गाडी झोपलेली असताना घड्याळ, सेंट्रल लॉक वगैरेंना मिळून साधारण ०.०५ च्या आत लागायला हवा. नेव्हिगेटरची पिन ओढून काढली, आकडा ०.०३ वर आला. हिशेब सोपा आहे. ०.३५ गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेआठ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ३५ ची. चार दिवसांत ती तळाला, आणि सेल्फ तर त्याच्या बराच आधी मान टाकतो.

मग त्यांनी स्टिअरिंगखालचं पॅनल उघडलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. फ्यूज टॅपचा पत्ताच नव्हता. किल्लीच्या स्विचकडे जाणाऱ्या जाड, कायम चालू असलेल्या वायरचं प्लास्टिक ब्लेडने सोललं होतं. काही तारा त्यात तुटलेल्या. त्या उघड्या तांब्याभोवती मोबाइल चार्जरसारखी बारीक वायर नुसती पिळून घातलेली, ना सोल्डर, ना क्रिम्प (दाबून बसवलेला धातूचा जोड). वर काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद पाघळून खाली ओघळला होता, टेपचं टोक सुटून लोंबत होतं आणि उघडी तार लोखंडी ब्रॅकेटपासून बोटभर अंतरावर. अण्णांनी तिथे बोट लावलं, ते काळं-चिकट झालं. “हे ब्रॅकेटला टेकलं असतं तर?” त्यांनीच उत्तर दिलं. त्या जाड वायरच्या मागचा फ्यूज ४० अँपिअरचा. तो उडायच्या आत ही बारीक वायर लालभडक होऊन डॅशबोर्डला आग लागली असती. फ्यूज वायरला वाचवायला असतो, म्हणून बारीक वायरीला तिचा स्वतःचा छोटा फ्यूज लागतो, आणि तोही जिथून करंट घेतला तिथेच.

पुढे टेपमध्ये गुंडाळलेली एक गुठळी होती. कापली. आत रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरची नुसती हिरवी प्लेट, नावगाव काही नाही. रेडिओची खरखर तिचीच. खोक्यातला कन्व्हर्टर माझ्या गाडीत कधी आलाच नव्हता. आणि नेव्हिगेटरची मूळ वायर पिनपासून वीतभरावर कापलेली. या यंत्रांच्या लायटरमध्ये घालायच्या बोंडातच पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर असतो. ते चांगलं बोंड कापून दुकानात ठेवून घेतलं होतं. काही कारागीर तर बोंड कापून बारा व्होल्ट थेट पिनेला जोडतात, मग नेव्हिगेटर तिथल्या तिथे जळतो. त्या मानाने मी स्वस्तात सुटलो असं अण्णांचं मत. मला ते काही फार गोड लागलं नाही.

अण्णांनी सोललेली वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवली. नवा जोड सॉकेटच्या फ्यूजवर घेतला, कारण माझ्या गाडीत ते सॉकेट किल्लीबरोबर बंद होतं. काही गाड्यांत होत नाही, म्हणून टेस्ट लॅम्प लावून बघावंच लागतं. फ्यूज टॅपच्या खालच्या खाचेत गाडीचा मूळ निळा १५ चा फ्यूज, वरच्या खाचेत नेव्हिगेटरसाठी करडा २ चा. अर्थची वायर पॅनलमागच्या मूळ बोल्टला, रंग खरवडून. पिवळ्या वेष्टनातल्या वायरींच्या जवळही ते गेले नाहीत, कारण त्या एअरबॅगच्या. फ्यूज टॅप १२०, कन्व्हर्टर ३५०, मजुरी ३००. किल्ली काढल्यावर मीटर ०.०३.

तुम्ही असं काम करून घेत असाल तर पॅनल बंद व्हायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो काढा, फ्यूज कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि खोकं स्वतःसमोर फोडायला लावून रिकामं घरी आणा. किल्ली काढल्यावर यंत्र चालू राहिलं तर गाडी तिथून हलवू नका. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर वायर कापणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकचा कुठलाही क्लेम झटकायला बघतं.

शेठकडे फोटो घेऊन गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, “बिल कुठंय?” बॅटरीचं पक्कं बिल होतं, वॉरंटीसाठी ते द्यावंच लागतं. वायरिंगची मात्र चिठ्ठी, तिच्यावर ‘फिटिंग मटेरियल’ आणि आकडा. किटचं नावसुद्धा नाही. पण पैसे यूपीआयने गेले होते, तारीख-वेळेसकट. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे बिल नाही ही त्यांची अडचण, माझी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर दुकानातून फोन आला आणि किट-मजुरीचे २,४५० परत मिळाले. बॅटरीचं मात्र “तुम्ही राजीखुशीने घेतली” एवढंच उत्तर.

त्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. जोडीला जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड, नव्या बॅटरीचं बिल, ती चिठ्ठी, यूपीआयचे स्क्रीनशॉट, उघड्या जोडाचे फोटो आणि अण्णांनी सहीनिशी लिहून दिलेलं मीटरचं रीडिंग. कापलेली हिरवी प्लेट एका पिशवीत घालून ठेवली आहे. बोंड परत मागितलं होतं, ते सापडत नाही म्हणतात.