बाहेरच्या प्लास्टरमधली फायबर जाळी: आम्हाला कसं फसवलं गेलं

बाहेरच्या भिंतींना फायबरग्लासची जाळी लावून प्लास्टर करून घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. पद्धत चांगली आहे, नीट केली तर फार उपयोगाची आहे. पण जाळी एकदा गिलाव्याखाली गेली की ती कुठल्या प्रतीची होती, कुठे बसवली, किती लावली, हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. आमच्या ठेकेदाराने नेमका याच गोष्टीचा फायदा उचलला.

आमच्या जुन्या प्लास्टरवर बारीक चिरांचं जाळं पसरलं होतं. भिंती भक्कम होत्या, प्लास्टरही बहुतेक ठिकाणी घट्ट धरून होतं. त्याने सुचवलं की सगळं खरवडायची गरज नाही. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याचा पातळ थर द्यायचा, त्यात जाळी बसवायची आणि वरून टेक्श्चर मारायचं. सल्ला योग्यच होता. गिलावा सुकताना आकसतो, उन्हाने फुगतो, रात्री परत आकसतो. ही ओढ एकाच जागी साचली की तडा जातो. जाळी ती ओढ सगळीकडे वाटून देते, त्यामुळे एका मोठ्या तड्याऐवजी डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा पडतात आणि पाणी आत शिरत नाही.

काम ठरवताना त्याने प्रात्यक्षिक करून दाखवलं. खिशातला लायटर काढून जाळीच्या तुकड्याला लावला. वरचं कोटिंग जळून गेलं, खाली पांढरी जाळी शाबूत राहिली. "बघा ताई, जळत नाही. असली फायबर आहे." मग दोन्ही हातांनी जोर लावून ताणून दाखवली. तुटली नाही.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. काच जळत नाहीच. त्यातून एवढंच कळतं की जाळी प्लास्टिकची नाही. आणि नवी कोरडी काचेची जाळी स्वस्तातली असली तरी ताणाला चांगलीच दणकट असते. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: सिमेंटमध्ये राहून ती टिकेल का? ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३च्या घरात असतो. एवढा तीव्र अल्कली साध्या काचेला हळूहळू खातो. म्हणून बाहेरच्या प्लास्टरसाठी अल्कलीरोधक जाळीच लागते. एकतर काचेतच झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड) असतो, किंवा साध्या काचेच्या धाग्यांवर अल्कलीला दाद न देणाऱ्या पॉलिमरचं चांगलं जाड कोटिंग असतं. बाजारात बहुतेक दुसरा प्रकार मिळतो, आणि कोटिंग खरं असेल तर तो उत्तम चालतो. जाळीचा कस लावायचा तर ती अल्कलीच्या द्रावणात ठेवून नंतर ताणून बघतात. युरोपातल्या बाह्य-इन्सुलेशनच्या (भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर लावण्याच्या) निकषांत अशा चाचणीनंतर निम्मी तरी ताकद शिल्लक राहावी लागते, शिवाय ती किमान २० न्यूटन प्रति मिलिमीटर भरावी लागते. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं. लायटर पेटवून दाखवणाऱ्याकडे हे माहितीपत्रक मागा, तो लगेच विषय बदलेल. आमच्या माणसाने "सगळीकडे हीच वापरतात" म्हणून विषय संपवला.

काम सुरू झालं तेव्हा दर्शनी भिंतीचा खालचा भाग त्याने आमच्यासमोर केला, आणि अगदी जसा करायला हवा तसा केला. आधी मसाला थापला, ओल्या थरावर जाळी ठेवली, थापीने मधून कडांकडे दाबत नेली. मसाला छिद्रांतून वर आला, मग वरून आणखी एक हात फिरवला आणि जाळीची नक्षी पूर्ण झाकली. एका पट्ट्यावर दुसरा पट्टा चांगला १० सेंटिमीटर चढवला. आम्ही निर्धास्त झालो. त्यानंतर परांची वर चढली, बाहेरून हिरवं कापड लागलं, आणि वर कुणी आलं की "पडाल, जबाबदारी कोणाची?" हे पालुपद सुरू झालं.

पहिला मोठा पाऊस झाला आणि भिंतीवर तपकिरी ठिपके उमटले. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मागोमाग उभे तडे आले. जुन्या चिरा कशाही वेड्यावाकड्या होत्या, हे तडे मात्र ओळंब्यात सरळ होते. टेप लावून बघितलं तर दोन तड्यांमधलं अंतर बरोबर एक मीटर, जाळीच्या रोलच्या रुंदीएवढं. प्रत्येक सांध्यावर तडा होता. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघाले होते ते वेगळेच. खालचा भाग, जो आमच्यासमोर केला होता, तो तेवढा जसाच्या तसा होता. एकाच भिंतीवर, एकाच उन्हापावसात.

हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो तर वर जागोजागी पोकळ आवाज. एका ठिकाणी प्लास्टरचा तुकडा सुटून हातात आला आणि सगळा प्रकार उघडा पडला. जाळी मसाल्यात नव्हतीच. ती कोरडीच जुन्या भिंतीवर बारीक खिळ्यांनी ठोकली होती आणि वरून मसाला ओढला होता. ते खिळे गंजले, त्याचे ठिपके बाहेर दिसत होते. जाळीची छिद्रं ४-५ मिलिमीटरची. अशी कोरडी ठोकल्यावर मसाला तिच्या मागे पोचत नाही, भिंतीला धरत नाही. शिवाय ओढ येते ती थराच्या बाहेरच्या बाजूला, त्यामुळे जाळी थराच्या मध्यावर किंवा त्याहून थोडी बाहेर असावी लागते. भिंतीला चिकटलेली जाळी काहीच करत नाही, उलट प्लास्टर आणि भिंत यांना एकमेकांपासून तोडते. दोन पट्टे एकमेकांवर चढवलेले नव्हते, कडेला कड लावून ठेवले होते.

सुटलेल्या तुकड्यातून जाळीचा एक धागा ओढून बघितला. खडूसारखा चुरला. भिंतीत लावलेली जाळी म्हणजे लायटरसमोर न जळलेली, हातात ताणताना न तुटलेली तीच, किंवा तिच्याहूनही हलकी. उरलेला एक तुकडा अंगणात पडला होता, तो मोजून कापला आणि काट्यावर ठेवला: चौरस मीटरला ७५ ग्रॅमच्या आसपास. एवढी हलकी जाळी घरातल्या जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना, पुट्टीखाली वापरतात. बाहेरच्या कामाला साधारण १४५ ते १६० ग्रॅमची लागते, आणि आमच्या कोटेशनमध्येही १६०च लिहिली होती.

जाळीच्या हिशोबातही गफलत होती. रोल साधारण एक मीटर रुंद, ५० मीटर लांब असतो. १० सेंटिमीटरचा चढाव धरला की ५० चौरस मीटरच्या रोलमधून ४५ चौरस मीटरच भिंत झाकली जाते. बिलात हा चढाव धरला होता, खिडक्यांच्या कोपऱ्यांचे तिरके तुकडेही धरले होते. भिंतीवर यातलं काहीच नव्हतं. खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्यावर ४५ अंशांत साधारण २० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा आधी बसवायचा असतो, कारण ओढ सगळ्यात जास्त तिथेच एकवटते. हे पाच मिनिटांचं काम कुठेच केलेलं नव्हतं.

त्याला बोलावलं तर म्हणाला, "ताई, सिमेंट आहे, तडा जाणारच." मग हवामानावर आला. शेवटी उदार होऊन म्हणाला, "पुट्टी भरून रंग मारून देतो, कळणारसुद्धा नाही." याला मुळीच होकार देऊ नका. पुट्टी भरली की तडे झाकले जातात, पोकळी तशीच राहते आणि तुमच्या हातातला पुरावाही जातो. आम्ही टेप लावून फोटो काढले, सुटलेले तुकडे तारीख घालून ठेवले, त्याच्याशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून भिंत उघडून लेखी अहवाल घेतला आणि तो जोडून नोटीस पाठवली. तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. पैसे परत आलेले नाहीत, भांडण चालू आहे.

तुम्हाला आधीच तपासता यावं म्हणून सांगते. जाळीचा तुकडा दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा. धागे बोटाने सरकायला लागले, कोटिंग चिकट-मऊ झालं, तर ती सरळ परत करा. मात्र पाण्यात टिकली म्हणजे अल्कलीत टिकेलच असं नाही. त्यासाठी माहितीपत्रक आणि रोलवरचं लेबल, दोन्ही हवीत. लेबलं फेकू देऊ नका. रोज जाळी बसवताना, वरचा हात फिरवण्याआधी, प्रत्येक मजल्याचे फोटो घ्या. "जाळी लावली की आयुष्यात तडा जाणार नाही" असं कुणी म्हणालं तर तेही खोटं आहे. पाया खचत असेल, इमारतीच्या सांध्याला हालचाल असेल, तर कुठलीही जाळी ते अडवत नाही. मोठा तडा असेल तर त्याच्या टोकांवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि काही महिने बघा. तो वाढत असेल तर आधी इंजिनिअर, मग प्लास्टर.

आता नव्याने करून घेतोय. पोकळ भाग पूर्ण काढला, खिळे उपटले, भिंत घासून धुतली. करारात जाळीचं वजन, अल्कलीरोधक असल्याचा उल्लेख, चढाव, कोपऱ्यांचे तुकडे आणि थरातली जाळीची जागा, सगळं लिहून घेतलंय. शेवटचा हप्ता एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, भिंत ठोकून बघून मगच द्यायचा, हेही नव्या मिस्त्रींनी एका शब्दात मान्य केलं.