आठ टक्क्यांचा चढ आणि माझे चार लाख ऐंशी हजार

आकडा आधीच सांगून टाकतो, लपवून काय उपयोग. न्यूझीलंडच्या सायकल टूरसाठी ४,९०,००० रुपये दिले, १०,००० परत आले. ते दहा हजार का आले ते पुढे सांगतो, खरी मेख तिथंच आहे. म्हणजे माझे आणि हिचे मिळून ४,८०,००० बुडाले. शिवाय माझ्या शब्दावर विसंबून आमच्या ऑफिसातल्या एका अण्णांनी २,२०,००० भरले होते, ते वेगळे. अण्णा आता सकाळी हिप्परग्याच्या सायकल राइडला येतात, पण टपरीवर मी दिसलो की चहा न घेता पुढं जातात. पैशापेक्षा हे जास्त लागतं.

मी रेल्वेतून निवृत्त झालो. पी-वेचा माणूस, म्हणजे रूळ, खडी, भराव, कटिंग. १९८७ ला लागलो तेव्हा कुर्डुवाडीला बार्शी लाइट अजून धावत होती. अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ पासूनची. त्या लाइनवर पुश ट्रॉलीनं हिंडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झालं. लोकांचं भलंच झालं, पण ती छोटी गाडी गेली ती गेलीच. त्यामुळं फेसबुकवर एक जाहिरात दिसली, ‘बंद पडलेल्या रेल्वेलाइनवरून पाच दिवस सायकल, न्यूझीलंड’, तेव्हा माझं बोट तिथंच थांबलं. हे लोक कुणाला काय दाखवायचं ते बरोबर ओळखतात.

जागा खरी आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण पुतण्या मला म्हणाला, “काका, असलं काही नसतंयच.” असतंय. ओटागो सेंट्रल रेल ट्रेल. १९९० मध्ये तिथली लाइन बंद झाली, रूळ काढले आणि २००० साली तीच वाट सायकलवाल्यांसाठी खुली झाली. क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर. मध्ये पूलबर्नचा दगडी पायांवरचा उंच पूल, बोगदे इतके अंधारे की बॅटरी लागते. लोक चार-पाच दिवस घेतात, रोज एका गावात मुक्काम, बॅगा गाडीनं पुढं जातात, तुम्ही फक्त पेडल मारायचं. दमलात तर गाडी येऊन उचलते. माझे गुडघे अजून शाबूत आहेत, हिला चढ झेपत नाही, आणि रेल्वेची वाट म्हणजे सपाटच. वाटलं, आपल्यासाठीच केलंय हे.

आता हिशोब. १५ मार्च २०२४ ला २०,००० टोकन, यूपीआयनं. १२ एप्रिलला १,८०,००० एनईएफटी. जुलैत उरलेले २,४०,०००, कारण ‘महिनाअखेरीपर्यंत भरलं तर दोन जर्सी फुकट’. झाले ४,४०,०००. त्यावर परदेशी टूरचा टीसीएस, म्हणजे टूरवाल्यानं आपल्याकडून घेऊन सरकारकडं भरायचा कर, पाच टक्के, २२,०००. व्हिसा फाइलचे दोघांचे १९,०००. सप्टेंबरात ‘सायकल डिपॉझिट, परत मिळणार’ म्हणून ९,०००. जर्सी मात्र आल्या. एक्सएल. आम्हा दोघांनाही एक्सएल.

आता तुम्ही म्हणाल, आंधळेपणानं कसे दिले? आंधळेपणानं नाही दिले. मी पुण्यात त्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. काचेची खोली, भिंतीवर सायकलींचे फोटो, मुलीनं पाणी दिलं, कॉफी दिली. ती जागा दिवसाच्या भाड्यानं मिळते, हे मला कुठून कळणार? सोलापुरात ऑफिस म्हणजे ऑफिस असतं, तिथं वीस वर्षं तोच माणूस तीच खुर्ची घासत बसलेला असतो. आणि तो पोरगा बोलायला इतका गोड! “काका, तुमच्यासारखा रेल्वेवाला ग्रुपमध्ये असला तर बाकीच्यांना माहिती मिळेल.” झालं, मी फुगलो. अण्णांना फोन मी त्याच संध्याकाळी केला.

आता खरं दुखणं सांगतो. एप्रिलमध्ये त्यांनी कार्यक्रमाची पीडीएफ पाठवली. मी ती झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली, गच्चीवर बसलो, पेन्सिल हातात. पान चार, दिवस दुसरा: ‘११ किमी सलग चढ, ८ टक्के’.

आठ टक्के!

मी छत्तीस वर्षं ग्रेडियंट पोस्ट, म्हणजे रुळाकडेच्या चढ दाखवणाऱ्या पाट्या, बघत जगलो. आठ टक्के म्हणजे साधारण १ इन १२, बारा फूट पुढं गेलं की एक फूट वर. आपल्या बोरघाटात १ इन ३७ आहे, तीन टक्केसुद्धा नाही, आणि तेवढ्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. १ इन १२ वर साधी आगगाडी चढतच नाही, चाक जागेवर गरगर फिरतं. जिथं एकेकाळी आगगाडी धावली त्या वाटेवर ११ किलोमीटर ८ टक्के चढ असूच शकत नाही. हे शाळेतल्या पोराला नाही कळणार, मला कळायला हवं होतं. आणि कळलंही! त्या कागदावर समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘१ इन १२??’ दोन प्रश्नचिन्हं. तो कागद अजून कपाटात आहे. हिनं तो फाडून टाका म्हणून दोनदा सांगितलं. मी फाडत नाही.

मी पुण्याच्या ऑफिसातल्या त्या पोराला फोन केला. तो म्हणाला, “सर, न्यूझीलंडचं रेल्वे इंजिनिअरिंग वेगळं आहे.” आणि मी, पी-वेचा माणूस, “असेल बुवा” म्हणून गप्प बसलो! दुसऱ्या दिवशी १,८०,००० पाठवले.

नंतर वाचून काढलं. त्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही मला पूर्णच येडा समजाल. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ रिमुटाका नावाचा घाट होता, १ इन १५. तिथं मधोमध तिसरा रूळ टाकून त्याला पकडून चढणारी खास इंजिनं वापरायचे, १९५५ ला ते बंद झालं. आता तिथंही सायकलवाट आहे. पण ते उत्तर बेटावर, ओटागो दक्षिण बेटावर. आणि तिथंसुद्धा १ इन १५, १ इन १२ नाही. ओटागोच्या वाटेवर जास्तीत जास्त १ इन ५०. हे सगळं शोधायला मला वीस मिनिटं लागली. जानेवारीत.

त्याच पीडीएफच्या शेवटी सोबत आणायच्या सामानाची यादी होती. त्यात डायमॉक्सच्या गोळ्या. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून लडाखला जाणारे घेतात त्या. ओटागो ट्रेलचा सगळ्यात उंच बिंदू वेडरबर्नजवळ, ६१८ मीटर. आपलं सोलापूरच साडेचारशेच्या आसपास आहे. म्हणजे त्या भामट्यानं मनाली-लेहचा कागद उचलला, गावांची नावं बदलली आणि बाकीचं तसंच ठेवलं. मी मात्र मेडिकलमधून दोन पाकिटं आणली. ८४ रुपये. तेही धरा.

बोर्डिंग २७ नोव्हेंबरला मुंबईहून होतं. पीएनआर आला, एअरलाइनच्या साइटवर टाकला तर दोघांची नावं दिसली. खूश. आता सांगा, रेल्वेवाल्याला पीएनआर असला म्हणजे बर्थ मिळाला असं नसतं, हे कोण शिकवणार? एजंट नुसतं होल्डवर बुकिंग टाकतात, काही दिवसांनी ते आपोआप उडतं. विमानाचं तिकीट झालं असेल तर १३ आकडी ई-तिकीट नंबर असतो. तो मागा. नसेल तर तुमच्याकडे फक्त वेटिंग आहे.

नोव्हेंबरात आधी ‘व्हिसाला उशीर’. मी अर्जाचा क्रमांक मागितला, तर ‘सिस्टिममध्ये आहे सर’. मग ‘ट्रेल पाण्याखाली गेलाय’. मग फोन उचलणं बंद. डिसेंबरात मुलानं पीडीएफमधल्या पहिल्या मुक्कामाच्या लॉजला थेट मेल टाकला. दुसऱ्या सकाळी उत्तर आलं: या नावानं बुकिंग नाही, ही कंपनी आम्हाला माहीत नाही. एक मेल, पैसा लागला नाही. हा मेल मार्चमध्ये टाका, टोकन द्यायच्या आधी.

आता दहा हजारांचं. २० डिसेंबरला माझ्या खात्यात अचानक १०,००० आले, सोबत मेसेज, ‘रिफंड सुरू केला आहे, बाकी टप्प्याटप्प्यानं’. मला हायसं वाटलं. अण्णांनाही सांगितलं, धीर धरा. जानेवारीत पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथले साहेब तो मेसेज वाचून म्हणाले, “तो परत करतोय की. मग ही फसवणूक कशी? हा देण्याघेण्याचा वाद, दिवाणी. कोर्टात जा.” त्यानं १०,००० टाकून ४,८०,००० धुऊन घेतले. असा तुकडा आला तर त्याच दिवशी लेखी कळवा की ही पूर्ण परतफेड नाही आणि तक्रार कायम आहे.

त्या साहेबांनी आधी विचारलं होतं, “न्यूझीलंडला सायकल चालवायला? सोलापुरात रस्ते कमी पडले काय?” बाजूचे दोघं हसले. मी ६१ वर्षांचा माणूस, हातात फाइल, खाली मान. फसवणाऱ्यानं निदान काका म्हणून फसवलं.

मग सायबरकडं पाठवलं. सायबरवाले म्हणाले, तुम्ही त्याला प्रत्यक्ष भेटलात, कॉफी प्यालात, हे सायबर कसं? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी विचारलं शेवटचा व्यवहार कधी. सप्टेंबर. पलीकडं दोन सेकंद शांतता. १९३० हा नंबर पहिल्या तासासाठी आहे, चौथ्या महिन्यासाठी नाही. पुण्याच्या ठाण्यात गेलो, ते म्हणाले पैसे सोलापुरातून गेले, सोलापूरला जा. सोलापूरवाले म्हणाले ऑफिस पुण्यात, पुण्याला जा. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आलाय त्यात हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, झिरो एफआयआर म्हणतात. हे मी तिथल्या हवालदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, “कायदा आम्हाला शिकवू नका.” हुतात्मा एक्स्प्रेसनं चार वेळा पुणं केलं. पास आहे म्हणून बरं. ज्याला पास नाही त्यानं काय करायचं?

बँकेत गेलो. मॅनेजर बाई म्हणाल्या, तुम्हीच पैसे पाठवले, ओटीपी तुमचाच, आम्ही काय करणार. समोरच्याचं खातं कुणाचं ते सांगा, म्हटलं. गोपनीय. ज्यानं माझे पैसे खाल्ले त्याचं गुपित बँक सांभाळते, माझं कोण सांभाळणार? ते खातंही टूर कंपनीच्या नावावर नव्हतं, कुठल्या तरी ट्रेडर्सच्या नावावर होतं. हेही दिसलं होतं मला. ‘सिस्टर कन्सर्न’, म्हणजे आमचीच दुसरी कंपनी, असं तो पोरगा म्हणाला होता. क्रेडिट कार्डनं भरलं असतं तर निदान चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. पण कार्डला दोन टक्के जादा लागत होते, ४,४०,००० वर ८,८००. ते वाचवले मी.

टीसीएस मात्र सगळ्यांनी ऐका. ज्यानं तुमच्या पॅनवर टीसीएस कापला त्यानं तो सरकारकडं भरलाच पाहिजे, आणि तिमाहीचं विवरण भरलं की तो आयकराच्या साइटवरच्या तुमच्या पानावर, माझ्या वेळी फॉर्म २६एएस, दिसतो. माझे २२,००० जुलैत गेले. नोव्हेंबरात २६एएस उघडलं असतं तरी तिथं शून्य दिसलं असतं. पेन्शनच्या टीडीएससाठी मी दरवर्षी तेच पान उघडतो! टीसीएसचं प्रमाणपत्र, माझ्या वेळी फॉर्म २७डी, मागा. देत नसेल तर तो टीसीएस नव्हे, त्याचा खिसा आहे.

शेवटी मुलानं ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार भरली. आपण राहतो तिथं करता येते, पुण्याला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे पहिल्या दिवशी त्या ठाण्यात कुणी सांगितलं असतं तर चार फेऱ्या वाचल्या असत्या. पण तिथं सगळ्यांना माझ्या सायकलची मजा. दोन तारखा झाल्या, समोरची बाजू गैरहजर, नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ म्हणून परत. अण्णांची तक्रारही मीच भरून दिली. सही करायला ते घरी आले, चहा मात्र नको म्हणाले.

गेल्या आठवड्यात पुतण्यानं एक पीडीएफ दाखवली, त्याच्या मित्राला व्हॉट्सअॅपवर आलेली. कंपनीचं नाव नवं, लोगो नवा, ‘युरोपातली जुनी रेल्वेवाट, सहा दिवस’. मी सरळ पान चारवर गेलो. दिवस दुसरा. ११ किमी सलग चढ, ८ टक्के. सामानाच्या यादीत डायमॉक्सही तशाच. तुमच्याकडं हा कागद आला असेल तर एक रुपयाही पाठवू नका, मला पाठवा. आयोगाच्या फाइलला जोडायचा आहे.