मायक्रोस्ट्रिप की ग्राउंडवाला कोप्लेनर? दोन लेयरच्या बोर्डवर काय घ्यायचं

१.६ मिमी जाडीच्या एफआर-४ वर (नेहमीचं पीसीबी मटेरियल) हाय-फ्रीक्वेन्सी सिग्नलसाठी ५० ओहमची मायक्रोस्ट्रिप (वर सिग्नलचा ट्रेस, खालच्या लेयरवर ग्राउंड) काढायची तर ट्रेस, म्हणजे तांब्याची पट्टी, जवळपास ३ मिमी रुंद होतो, आणि यूएफएल या छोट्या अँटेना कनेक्टरचा मधला पॅड जेमतेम १ मिमी, म्हणजे तिथे एकदम निमुळतं करावं लागतं आणि इम्पिडन्स (सिग्नलला दिसणारा तो ५० ओहमचा अवरोध) तिथेच बिघडतो. ग्राउंडवाल्या कोप्लेनरमध्ये खालच्या ग्राउंडशिवाय ट्रेसच्या दोन्ही बाजूंनाही, त्याच लेयरवर, ०.२ मिमी गॅप ठेवून ग्राउंड आणला की १.३ मिमी रुंदीत काम भागतं, शेजारच्या ट्रेसचा त्रासही कमी. फक्त कडेने व्हिया (वरचा-खालचा ग्राउंड जोडणारी भोकं) भरपूर टाका, त्यात कंजूषी अजिबात नको, आणि फॅबवाल्याला (बोर्ड बनवणाऱ्याला) तो गॅप नीट जमतो का ते आधी विचारा. चार लेयर असतील आणि ग्राउंड ०.२ मिमी खाली असेल तर मात्र साधी मायक्रोस्ट्रिपच बरी, ती तशीही बारीकच येते.